रुक्मिणबाईचे लाडू

लातूरच्या आमच्या तालमीत माउलीइतका ज्ञानी पैलवान दुसरा झाला नाही, आणि त्याच्याइतका डोकं खाणाराही. आम्ही सुई टोचून घेत असलो की हा समोर उभा राहून सुरू. यानं किडनी जाते, त्यानं बंदी येते. बंदीच्या औषधांची नावं त्याला तोंडपाठ. आम्हाला एवढंच ठाऊक, की धोंडप्पा वस्ताद म्हणतील तेव्हा घ्यायचं आणि स्पर्धा जवळ आली की ते म्हणतील तेव्हा बंद करायचं. तेवढं ज्ञान पुरतं.

तालमीतलं दूधही तो पीत नसे. त्याची आई रुक्मिणबाई अहमदपूरहून एसटीच्या कंडक्टरजवळ खुराकाचा डबा द्यायची. तो घ्यायला माउली स्वतः स्टँडवर जायचा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. त्याला राज्याचं पदक हवं होतं आणि त्याच्या जोरावर पोलिसाची नोकरी.

पदक मिळालं. मग लघवीची तपासणी झाली. आम्ही सगळे साफ सुटलो आणि माउली अडकला. खोटं कशाला बोलू, आम्ही पोट धरून हसलो.

त्यानं माझ्यासमोरच स्पीकर लावून आईला फोन केला. "आई, लाडवात काय घालतीस?"

"बदाम, डिंक, तूप. अन् वस्तादांनी दिलेल्या ताकदीच्या गोळ्या, कुटून. पोरगं हट्टी हाय, त्याला सांगू नका म्हणले. का रं, कमी पडल्या का?"

"न्हाई. बस झाल्या."

माझं हसू जिरलं. वस्तादांनी आमच्या गोळ्या वेळेत थांबवल्या होत्या. बाईला कळवायचं तेवढं विसरले.

चौकशीत साहेबांनी विचारलं, हे पोटात गेलं कसं? खरं सांगायचं तर आईला साक्षीला आणावं लागणार होतं, आणि पोराचं वाटोळं आपल्याच हातानं झालं हे तिला तिथं कळलं असतं. माउली म्हणाला, "मीच घेतलं." पदक गेलं, नोकरीही हुकली. वस्तादांनी त्याची पाठ थोपटली.

मी त्याला गावी सोडायला गेलो. रुक्मिणबाई दारातच उभी होती.

"माझ्या हातचं खाऊन भागलं न्हाई व्हय तुझं? वस्तादांसारख्या देवमाणसाच्या तोंडाला काळं फासलंस!"

माउली वाकून तिच्या पाया पडला. ती आत गेली आणि भरलेला डबा आणून माझ्या हातात दिला.

"हे तुमी न्या. तालमीत कुणी खरा पैलवान आसंल, त्याला द्या."