डावा दिवा

मसऊदने फुटक्या काचेचा शेवटचा तुकडा पकडीने ओढून काढला आणि ट्रकच्या मागच्या डाव्या दिव्यात बोट घातले. आतला बल्ब काळा पडून होल्डरला चिकटला होता.

"जपून, मिस्त्री," बेलकासेम म्हणाला. "तीन महिने पोलिसांचा पाहुणचार झोडून आलीय गाडी. नखरे करील."

"तुझ्यापेक्षा कमीच करील."

बेलकासेम हसला; पण हसू ओठांपलीकडे गेले नाही. अंगात नवा सदरा होता. ग्रीसचा डाग लागू नये म्हणून हात अंगापासून दूर धरून तो उभा होता. गरदाया शहराकडे जाणारा रस्ता त्याच्यामागे उन्हात पांढराफटक पडला होता.

"इथून थेट जोहराकडे," तो म्हणाला. "मोठी माणसं निवाड्याला बसणार आहेत. सगळ्यांसमोर कबूल करतो, चूक माझ्या हाताची."

"तू तर डावा दिला होतास ना?"

"वीस वर्षं देतोय. समोरून कुणी येत असलं की मागच्याला डावा, थांब. रस्ता मोकळा असला की उजवा, जा बाबा. विचारसुद्धा करावा लागत नाही. पण जोहरा नवऱ्याच्या शेजारीच बसली होती. ती म्हणते, उजवा लुकलुकला म्हणून तय्यबनं गाडी पुढे काढली. नवरा गेलेली बाई खोटं कशाला बोलेल?" त्याने आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे हाच चुकला."

मसऊदने नवा बल्ब दाबून फिरवला.

"डावा दे."

बेलकासेम केबिनमध्ये चढला. टकटक ऐकू आली. नवा बल्ब ढिम्म राहिला, आणि पलीकडे उजवा दिवा लुकलुकू लागला.

मसऊद गाडीखाली सरकला. वायर चाचपत त्याची बोटे जोडापाशी आली. वर काळी टेप आणि टेपच्या टोकाला लाल दोऱ्याची गाठ. अशी गाठ या रस्त्यावर एकच माणूस मारीत असे.

रमजानचा शेवटचा आठवडा होता तो. रोजा सोडायच्या बांगेला पाच मिनिटे उरलेली, घरातून शोरब्याचा वास येत होता, आणि मसऊद असाच मागून डोके आत घालून उताणा पडला होता. त्या अवस्थेत गाडीची डावी बाजू त्याच्या उजवीकडे येत होती. खालूनच त्याने ओरडून विचारले होते, दिवे लागतात का? "टकटक येतेय!" बेलकासेम म्हणाला होता. दोन्ही दिवे लुकलुकलेले मसऊदने पाहिले होते. कोणता केव्हा, हे पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तय्यब गेला.

मयतीला मसऊद गेला होता. त्या घरचे कुसकुस त्याने खाल्ले होते.

"लागला का, मिस्त्री?"

मसऊदने पकड उचलली.

"थांब जरा."

त्याने जोड कापला, वायरी सरळ केल्या, नव्याने जोडल्या. बाहेर येऊन, गाडीच्या मागे ताठ उभे राहून त्याने एकेक दिवा पुन्हा लावायला सांगितला. डाव्याला डावा लागला. उजव्याला उजवा.

लाल गाठीचा कापलेला तुकडा त्याच्या तळहातावर पडून होता. भंगाराचा डबा हाताच्या अंतरावर होता.

"झकास!" बेलकासेमने इंजिन सुरू केले. "येतो मग. दुआ कर, तिथे जीभ अडखळू नये."

मसऊदने पलीकडचे दार उघडले आणि तो त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"तू कुठं?"

"जोहराकडे."

"अरे, तू कशाला? माझं मला निस्तरू दे."

"गाडी काढ."

बेलकासेमची नजर त्याच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत काळे झाले होते ते.

"निदान हात तरी धुऊन ये. मोठी माणसं असतील तिथं."

मसऊदने तुकड्यावरची मूठ घट्ट मिटली.

"असू देत," तो म्हणाला.