अठ्ठ्याहत्तरावा मीटर

“मास्तर, आखडतं पाऊल घेऊ नका. तुमची जुनी खोड आहे ती,” पाववाली तिल्का वरच्या रांगेतून म्हणाली. सगळे हसले.

पहाटेपर्यंत बर्फ पडला होता आणि उद्या स्पर्धा होती. म्हणून पायांतल्या स्की आडव्या ठेवून सारं गाव स्की-उड्यांच्या उतारावर पावला-पावलाने बर्फ दाबत होतं. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. शिकवलं कधीच नाही, तरी मास्तर. तिल्काचा टोमणा मला कळला. नेमका माझ्या शेजारी लोव्रो होता.

एकाहत्तर साली याच उतारावर मी माप घ्यायला उभा होतो. तेव्हा यंत्रं नव्हती. प्रत्येक मीटरला एक माणूस. उडी मारणाऱ्याचे पाय ज्याच्यासमोर टेकतील त्याने हात वर करायचा. देश म्हणून आमचं वेगळं नाव नव्हतं, हुकूम बेलग्रेडहून यायचे. पण उडीचा आकडा कर्ण्यावरून आमच्या स्लोव्हेन भाषेत सांगत, आणि तो ऐकायला चार खोऱ्यांतली माणसं जमत. त्या आकड्याने आम्ही स्वतःला मोजत असू.

लोव्रो एकोणीस वर्षांचा होता. एकोणऐंशी मीटर गेला असता तर देशाच्या संघात गेला असता. तो उतरला तेव्हा माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. कुणीच हात वर करेना. मी अठ्ठ्याहत्तरवर होतो. घाबरून मीच केला.

संघ त्याच्याशिवाय गेला. तो लाकडाच्या गिरणीत राहिला. मास्तरने पोराचा एक मीटर खाल्ला, असं गाव म्हणू लागलं. मलाही तसंच वाटत आलं. चाळीस वर्षं.

आज मात्र मी बोललो. “लोव्रो, त्या दिवशी मला नीट दिसलं नव्हतं.”

“माहीत आहे.”

“तू कदाचित एकोणऐंशी…”

“सत्याहत्तर,” तो म्हणाला.

मी थांबलो. मागचा माणूस माझ्यावर आदळता आदळता वाचला.

“सत्याहत्तरवर माझा चेने मामा होता ना. पाय त्याच्यासमोर टेकले. बहिणीच्या पोराला एवढं कमी द्यायला त्याचा हात उठेना. गेल्या वर्षी दवाखान्यात त्याने सांगितलं. माझ्या पायांना तर तेव्हाच कळलं होतं.”

“म्हणजे मी तुला…”

“एक मीटर जास्तीचा दिलात.”

“मग गप्प का राहिलास रे इतकी वर्षं?”

लोव्रोने मिशीवरचा बर्फ झटकला. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

“लोक म्हणायचे, याचा मीटर गेला नसता तर हा देशासाठी खेळला असता. गिरणीत सगळ्यात मागच्या करवतीवर उभ्या माणसाला असं काही ऐकायला बरं वाटतं, मास्तर. तुमचा विचार केला नाही. चुकलंच.”

मला राग यायला हवा होता. मी शोधलाही. सापडला तो एवढाच विचार, की या माणसाचं आयुष्य मी बिघडवलेलं नाही.

“तिल्काला सांगू?” त्याने विचारलं.

मी वर पाहिलं. ती कुणाला तरी दटावत होती.

“राहू दे,” मी म्हणालो. “तुला आणि मला माहीत आहे, पुरे.”

रांग सरकली. मी पुढचं पाऊल टाकलं.

“मास्तर,” लोव्रो म्हणाला, “जोर लावा जरा. बर्फ दबतच नाहीये.”