लाउची रजा

लाउने रेडिओ बंद केला आणि जेवण अर्धवट टाकून तो व्हिटलॉकसाहेबांच्या ऑफिसकडे निघाला. त्याचा चेहरा पाहून नसरुद्दीनही हात धुऊन मागोमाग गेला.

सौदीतल्या जुबैलच्या त्या कॅम्पात दोघे एकाच खोलीत राहत आणि पाइपलाइनचे नकाशे काढत. नसरुद्दीन दापोलीकडचा, लाउ हाँगकाँगचा. ऑफिसातून एका वेळी एकालाच रजा मिळे आणि या डिसेंबरात ती लाउची होती. बापाने अंथरूण धरल्याचं कळल्यावर नसरुद्दीननेही रजा मागितली होती. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचे व्हिसा होते त्या अरब मालकाने, नाही म्हटलं. लाउला त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

ऑफिसचे प्रमुख व्हिटलॉक इथे येण्यापूर्वी हाँगकाँग सरकारच्या नोकरीत होते.

“पेकिंगमध्ये सह्या झाल्या,” लाउ दारातूनच म्हणाला. “सत्त्याण्णव साली हाँगकाँग चीनला देणार.”

“ऐकलं मी.”

“चीनबद्दलचं धोरण तुमच्याच खात्यातून ठरायचं ना?”

“ठरायचं लंडनला. आमचे गव्हर्नर तारेने एक कळवायचे, पेकिंगमधली आमची वकिलात दुसरंच. दोन्हींचा मेळ घालून मी मसुदा करायचो, एवढंच.”

“आणि आमचं म्हणणं? ते कुणाच्या तारेत असायचं?”

व्हिटलॉकनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. “गव्हर्नरांच्या,” ते म्हणाले. “असायला हवं होतं.”

“माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे. मला इंग्लंडात राहता येईल?”

“राहता नाही येणार. पाहुणा म्हणून जाता येईल.”

लाउने टेबलाची कड धरली.

“मग माझी रजा रद्द करा. आणखी दोन वर्षं थांबतो. बायको-मुलीला कॅनडाला न्यायला पैसे साठवायचे तर इथेच राहायला हवं.”

व्हिटलॉकनी कपाट उघडून तिथे जमा असलेल्या पासपोर्टांतून नसरुद्दीनचा काढला. “नसरुद्दीन, मग तुम्ही जा. कफीलशी मी बोलतो.”

नसरुद्दीनने ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं. हात मात्र आधीच पुढे झाला होता.

खोलीवर परतल्यावर लाउ म्हणाला, “मुंबईहून माझ्या बायकोला फोन कर. सांग, कफीलने सोडलं नाही.”

“अरे, तूच सांग ना.”

“माझा आवाज ती ओळखते. खोटं लगेच कळेल.”

“मी कोणत्या भाषेत सांगू? तिला इंग्रजी येतं?”

“नाही. मी शिकवतो.”

लाउ एकेक शब्द सावकाश म्हणू लागला. त्याच्या भाषेत सूर जरा चढला-उतरला की अर्थच बदलायचा. नसरुद्दीन चुके, लाउ मान हलवी, पुन्हा म्हणायला लावी. अखेर सगळं वाक्य न अडखळता आलं.

“जमलं?” नसरुद्दीनने विचारलं.

“जमलं,” लाउ भिंतीकडे पाहत म्हणाला. “आता ती रडायला लागली तर काय बोलायचं, ते सांगतो.”