यादोरावची हाक

उमरटोलीत अठ्ठ्याहत्तर साली लाईट आली आणि चार वर्षांनी त्याच लाईटपायी तीन घरं जळाली. चैतातल्या वाऱ्यानं दोन तारा एकमेकींना लागल्या, ठिणग्या तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर पडल्या आणि बादल्या भरेपर्यंत सगळं राख झालं. तेव्हा पंचांनी ठरवलं की होळीपासून पाऊस लागेपर्यंत दुपारी गावची लाईन बंद ठेवायची. लाईनमननं तलावाच्या पाळीवरच्या डीपीचा दांडा कसा ओढायचा ते दाखवलं आणि हे काम यादोरावकडे आलं. यादोराव धानाचा शेतकरी, पण शब्दाचा इतका पक्का की त्यानं एक दिवसही चुकवला नाही. दुपारी बाराला दांडा खाली, दिवस बुडता वर.

त्याची बायको निर्मलाबाई कधी कधी त्याची शिदोरी घेऊन पाळीवर जायची. एकदा तिनं विचारलं, "मी वढू का एक डाव?"

"हात नको लावू. लाईन हाय ते, खेळ नाही," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्यानंच तिला शिकवलं.

त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये जंगलात मोहफुलं पडत होती. फुलं नीट दिसावीत म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवला आणि आग हाताबाहेर गेली. धूर दिसताच यादोरावसकट सगळे पुरुष हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायला धावले. दोन तास झोडपली. मग वारा फिरला आणि आग त्यांना वळसा घालून गावाकडे निघाली.

गावात बायाच होत्या. यादोरावच्या विहिरीवर मोटर होती, पण दुपारची लाईन बंद. शेजारची कुंताबाई दोरानं बादल्या ओढत होती, आणि कडेच्या गोठ्याच्या छपरानं पेटही घेतला होता.

"असं नाही व्हत, बाई," निर्मलाबाई म्हणाली. "मी लाईन लावून येतो. तू बटन दाबूनच ठेव."

ती बांधाबांधानं पळत गेली. थोड्याच वेळात मोटर घरघरली आणि पाणी आलं. बायांनी छपरं भिजवायला सुरुवात केली.

इकडे यादोराव जंगलातून धानाच्या बांध्या तुडवत परत धावत होता. पाळीजवळ तारांतून ठिणगी उडालेली त्यानं पाहिली. धुरात कोणीतरी पाळीवरून खाली उतरत होतं. कोण ते कळत नव्हतं. त्याचं डोकंच फिरलं. होता नव्हता तेवढा जीव एकवटून तो ओरडला, "कोन हाय थो? बंद कर लाईन! गाव जाळतं का?"

ती आकृती थांबली. मागे वळली आणि पुन्हा पाळ चढू लागली. तेवढ्यात पाळीवरचं वाळलेलं गवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटलं.

तो पोचला तेव्हा निर्मलाबाई डीपीच्या खांबापासून दहा हातांवर भाजून पडली होती. दांडा वरच होता.

बैलबंडीनं तिला पवनीला नेलं, तिथून भंडाऱ्याच्या दवाखान्यात. जवाहरनगरहून मुलगी रुखमिणी आली. चौथ्या दिवशी निर्मलाबाई जरा बोलली.

"पानी आलं का?"

"आलं. दोन गोठे गेले, बाकी गाव वाचलं," यादोराव म्हणाला.

"मंग मले बंद कर काहून म्हनलं तुमी?"

"मले का मालूम तू होती म्हून," तो कसाबसा म्हणाला.

"मी तं तुमचा आवाज वळखला. म्हून तं वापस फिरली."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घडलं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

गाव तिचं नाव घेऊ लागलं. बाया म्हणत, निर्मलाबाईनं आमची लेकरं वाचवली. यादोराव मान खाली घालून ऐकायचा. रुखमिणीनं त्याला आपल्या क्वार्टरवर नेलं, पण आठ दिवसांत तो परत आला.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी तो विळा घेऊन एकटाच पाळीवर गेला आणि गवत कापू लागला. पंचांपैकी भैय्यालाल त्याला शोधत आला.

"यादोराव, आवंदा लाईनचं काम दुसऱ्याले देऊ का गा?"

यादोरावनं विळा खाली ठेवला. मग रुखमिणीलाही न सांगितलेलं त्यानं भैय्यालालला सांगितलं. आपण काय ओरडलो, आणि ती काय म्हणाली.



"बंद ठेवाचं आमीच सांगतलं होतं तुले," भैय्यालाल म्हणाला.

"पन आवाज माहाच होता ना, भाऊ."

भैय्यालाल घरी गेला, आपला विळा घेऊन आला आणि पाळीच्या दुसऱ्या टोकाला कापायला बसला.