डावी स्प्रिंग

बायको महादेवी वारल्याचं संगप्पांना कळलं तेव्हा ते गाडीखाली होते. लातूरच्या त्या गल्लीत फोन एकच, नरसिंग सरांच्या फिजिक्सच्या क्लासमध्ये. महादेवी उदगीरला बहिणीकडं गेली होती, तिथूनच फोन आला. सर शिकवणं सोडून, हातात खडू तसाच घेऊन आले आणि गाडीपाशी उभे राहिले. संगप्पांनी खालून चौदाचा पाना मागितला. सरांनी दहाचा दिला. मग सांगितलं.

ते श्रावणात झालं. दिवाळी उलटल्यावर संगप्पा पुन्हा गाडीपाशी आले, कारण माहूर राहिलं होतं. किल्लारीच्या भूकंपात घर वाचलं म्हणून महादेवीनं रेणुकेला हिरवी साडी बोलली होती. ती साडी सहा वर्षं पेटीत होती. एसटीत बसलं की महादेवीला मळमळायचं, आणि संगप्पांची सगळी नोकरी एसटीतली. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी मारुती घेतली. पण महादेवी अंगानं भरलेली आणि बसायची कायम डावीकडं, त्यामुळं गाडी तिकडं कलली. आप्पांची गाडी पानपट्टीवाल्याला नमस्कार करत येते, असं गल्लीत म्हणायचे. ती म्हणायची, चला माहूरला. ते म्हणायचे, आधी स्प्रिंगा बदलू.

आता बदलायच्याच असं त्यांनी ठरवलं. वीरभद्र मिस्त्रीनं गाडी बघून सांगितलं की पुढच्या दोन्ही स्प्रिंगा गेल्यात, जोडीनं बदलाव्या लागतील. पण स्प्रिंग आवळून धरायचे शिकंजे त्याच्या साडूनं नांदेडला नेले होते. ते आठ दिवसांत येतील, तोवर गाडीला हात लावू नका, असं तो दोनदा बजावून गेला.

संगप्पांनी चार दिवस कळ काढली. तीस वर्षं डेपोत काढली असल्यानं गाडीतलं आपल्याला सगळं कळतं, असं त्यांचं मत होतं. डेपोत ते तिकिटांच्या पेट्या सांभाळायचे, ही गोष्ट वेगळी. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी जॅक लावला, खाली विटा रचल्या, उजवं चाक काढलं आणि घाम गाळून शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर ओढला. शिकंज्याच्या जागी त्यांनी घरातला जुना कासरा काढला. देवणीचा वळू ज्यानं आवरला त्याला वीतभर स्प्रिंग काय जड, असा त्यांचा हिशेब.

तरी खात्री असावी म्हणून त्यांनी नरसिंग सरांना विचारलं. सरांनी भर तासाला फळ्यावर गणित मांडलं. पोरांनी विचारलं, सर, हे बारावीला येतं का? सर म्हणाले, येऊ शकतं. मग दीडशे पोरांनी ते उतरवून घेतलं. उत्तर आलं की कासरा टिकेल. सरांचं एक शून्य कमी पडलं होतं, हे पुढच्या आठवड्यात एका पोरीनं दाखवून दिलं.

संगप्पांनी कासऱ्याचे सात वेढे मारले, गाठ मारली आणि वरचा नट सोडायला घेतला. शेवटच्या आट्याला कासरा तुटला. स्प्रिंग त्यांच्या कानाजवळून गेली आणि क्लासच्या पत्र्यावर आदळली. पत्रा गडगडला, भिंतीवरचं फिजिक्सचं वेळापत्रक खाली आलं.

भूकंपानंतरच्या सहा वर्षांत ही गल्ली दुसरं काही शिकली नसली तरी पळायला शिकली होती. बघता बघता दीडशे पोरं अनवाणी मैदानात. सर त्यांच्या पुढं. मडिवाळप्पा न्हावी वस्तऱ्यासकट आला आणि त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी. शेजारच्या चंद्रप्रभाबाई दुधाचं पातेलं घेऊन आल्या, कारण मागच्या वेळी दूध सांडलं होतं. कुणी म्हणालं धक्का किल्लारीकडून आला, कुणी म्हणालं रेणापूरकडून. थोड्या वेळानं चार पॉइंट आठ असा आकडाही ठरला.

संगप्पाही मैदानात जाऊन उभे राहिले. खरं काय ते त्यांना एकट्यालाच माहीत होतं, पण दीडशे पोरांसमोर सांगणार कसं? चंद्रप्रभाबाईंनी त्यांना विचारलं, तुम्हाला किती जोरात जाणवला? ते म्हणाले, बऱ्यापैकी. दुसरा धक्का येतो म्हणून कुणी घरात जाईना. दुपार टळली.

शेवटी वीरभद्र आला. साडूनं शिकंजे लवकर पाठवले होते. त्यानं उघडी गाडी बघितली, तुटका कासरा बघितला, मग पत्र्यावर बघितलं.

"आप्पा, भूकंप तिथं वर पडलाय," तो म्हणाला.

लोक हसत घरी गेले. मडिवाळप्पा उरलेली दाढी करायला गेला. वीरभद्र मात्र हसला नाही. त्यानं संगप्पांच्या कानामागचा ओरखडा बघितला.

"चार बोटं इकडं असती तर आज घरात कोन राहिलं असतं, आप्पा?"

त्या घरात तसंही एकच माणूस होतं.

मग वीरभद्रानं नवी स्प्रिंग कशी बसवायची ते दाखवलं. समोरासमोर दोन शिकंजे. याला दोन आटे, मग त्याला दोन आटे, तिरकी होऊ द्यायची नाही. स्प्रिंगचं तोंड भिंतीकडं, माणूस बाजूला. वरचा नट पक्का झाल्याशिवाय शिकंजे ढिले करायचे नाहीत, आणि तेही हळूहळू. अर्ध्या तासात उजवी बाजू झाली. काही उडालं नाही. मैदानात कुणी गेलं नाही.

तो डावीकडं वळला तेव्हा संगप्पा मधे येऊन उभे राहिले.

"ती राहू दे."

"जोडीनं बदलायच्या असत्यात, आप्पा."

"ती महादेवीच्या बसण्यानं दबलीय."

वीरभद्रानं हातातला पाना फडक्याला पुसला. स्वच्छ होता तरी पुसला. "वैनीला मी बी वळखत होतो," तो म्हणाला. "पन एक नवी एक जुनी, अशी गाडी मी माहूरच्या घाटाला सोडत न्हाई. तुमी सांगाल तवा येतो."

तो शिकंजे तिथंच ठेवून गेला. उजवी बाजू उचलल्यामुळं गाडी आता पहिल्यापेक्षा जास्त डावीकडं कलली आहे. संगप्पा रोज सकाळी ती पुसतात. डावी स्प्रिंग अजून बदललेली नाही, आणि साडी माहूरला पोचलेली नाही.