दोघांची उशी

मी एक उशी आहे. दुकानातली गुबगुबीत नव्हे. नेरजवळच्या एका गावातली, घरच्या कापसाची, जुन्या लुगड्याच्या खोळीची. त्या साली कापसाचा भाव असा पडला की गोविंदानं भरलेली गाडी बाजारातून परत आणली. खोलीत छतापर्यंत कापूसच कापूस. त्यातलाच थोडा त्याच्या बायकोनं, सत्यभामानं, हातानं सरकी काढून माझ्यात भरला, कारण लेक अश्वजित नौदलात निघाला होता. घाईत एक सरकी राहून गेली. ती अजून माझ्या पोटात आहे.

“आठवड्याले ऊन दाखवत जाय तिले,” तिनं लेकाला बजावलं. “नाही तं कुबट वास येते.”

अश्वजित पाणबुडीवर लागला. तिथं माणसं जास्त, बिछाने कमी. एक कामावरून आला की दुसऱ्यानं उठायचं. त्याच्या बिछान्याचा वाटेकरी पुसदकडच्या बंजारा तांड्यावरचा खेमसिंग. मग मीही दोघांची झाले. सरकी दोघांच्या कानाला टोचायची, दोघंही कुरकुरायचे, पण खोळ उसवून ती काढली कुणीच नाही. सुई हाती धरायचा केवढा तो कंटाळा! भोवती सगळा समुद्र, पण प्यायचं पाणी मोजूनमापून. डिझेलच्या वासानं माझा जीव नकोसा व्हायचा. म्हणून बंदरात लागलो की मला ऊन दाखवायची पाळी ठरलेली, एकदा याची, एकदा त्याची.

त्या दिवशी पाळी अश्वजितची होती. पण तो नुकताच कामावरून आला होता. “तू जाय ना बाबू, मी जरा पडतो,” म्हणाला आणि उशीशिवायच आडवा झाला. खेमसिंग मला काखोटीला मारून धक्क्यावर आला. मी अजून नीट तापलेही नव्हते, तोच आत स्फोट झाला. पाणबुडी धक्क्यालाच बुडाली. अश्वजित सापडला नाही.

गावी गोविंदानं जलदान विधी ठेवला, गेलेल्याच्या फोटोपुढं घरच्यांनी पाणी वाहायचा. पहिलं पाणी आईनं द्यायचं होतं. सत्यभामा हटून बसली.

“पाण्यानंच तं नेलं माह्या पोराले. त्याले पाणीच देऊ? मी नाही देत.”

फोटोपुढचा पेला कोरडा. विधीला आलेले बौद्ध भिक्खू, भंतेजी, मान खाली घालून थांबलेले. खेमसिंग मला छातीशी धरून दारातच उभा होता. आत यायला त्याचा पाय उचलेना.

“मावशी, पाळी त्याची होती,” तो एकदम म्हणाला. “उशीले ऊन दाखवाची. त्यानं मले पाठवलं. मी नाही म्हटलं असतं तं...”

सत्यभामानं मला घेतलं, नाकाशी धरलं. माझ्यात दोन डोक्यांच्या तेलाचा वास होता. मला वाटलं, आता ही मला भिंतीवर भिरकावते.

“त्याले तिथं पाणी पुरत होतं का रे?”

“कुठलं मावशी! आपला अर्धा गिलास माह्या गिलासात ओताचा. म्हणे, आमच्या गावात कमी पाण्याची सवय आहे.”

ती उठली. तांब्या भरून आणला. आधी खेमसिंगला पेलाभर दिलं आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. मग फोटोपुढचा पेला भरून सांडेपर्यंत ओतत राहिली. “पी बापा. आता पोटभर पी.” आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोठ्यानं रडली.

खेमसिंग निघाला, तेव्हा तिनं मला त्याच्या हाती दिलं. “ने. पण वापस तूच आणून द्यायची. कोणासंगं पाठवायची नाही.”

आज मी पुन्हा पाण्याखाली आहे, दुसऱ्या पाणबुडीत, खेमसिंगच्या डोक्याखाली. सरकी कानाला लागली की तो कूस बदलतो, पण काढत नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? बंदर आलं की मला थोडं ऊन दाखवा, आणि या पोराला नेरकडच्या त्या दारापर्यंत पोचवा. तिथं एक बाई तांब्या भरून बसली असेल.