सोंग पाहून शिकलेला डोळा

साल दोन हजार तेवीस. शिवणकारखान्यातून रेशमाचा तागा नाहीसा झाला आणि मालकांनी लगोलग ‘बुद्धिमान डोळा’, म्हणजे चेहऱ्यावरून चोर ओळखणारा कॅमेरा आणि पडदा, मागवला. मशिनं थांबली, सगळे पडद्याभोवती गोळा झाले.

टायवाला विक्रेता हात नाचवत म्हणाला, “माणूस खोटं बोलेल, चेहरा नाही! लाखो चेहरे पाहून शिकलाय हा. अंतःकरण वाचतो, अंतःकरण!”

“माझ्या नवऱ्याचं वाचा की हो,” काजंवाली म्हणाली. हशा पिकला.

कारखान्यातली जुनी शिवणारी आत्या मात्र हसली नाही. तिच्या तरुणपणी एक बुवा आरशात चोर दाखवायचा. त्यानं चोर म्हणून दाखवलेली तिची मैत्रीण गाव सोडून गेली, ती कायमचीच.

सकाळभर कॅमेरा काम करणाऱ्यांवरून फिरला. दुपारी पुतळ्यावर कपडा बसवणाऱ्या तिघीच पडद्यावर चोराच्या लाल चौकटीत आल्या. सर्वांत गडद चौकट आत्याच्या भाचीची.

“आत्या, मी नाही गं नेला!”

“मला सांगायला हवं का, वेडे?”

मालक गरजले, “यंत्राचं काय हिच्याशी वाकडं आहे? उद्यापासून येऊ नकोस. पोलिसांतही नाव देतो.”

कामगारांचे डोळे तपासायला आलेली डॉक्टरीण दारातून ऐकत होती. “लाल झालेल्या तिघी एकाच टेबलावरच्या कशा?”

“टोळी असते, मॅडम,” विक्रेता म्हणाला.

“मग त्या टोळीत आणखी एकाची भर घालू.” तिनं टेबलावरच्या टाचण्या मालकांपुढे धरल्या. “या तिघी काम करताना धरतात तशा ओठांत धरा.”

मालकांनी कॅमेऱ्यासमोर टाचण्या धरून ओठ आवळले. पडदा लालभडक!

“अगंबाई, तागा साहेबांनीच नेला!” काजंवाली ओरडली.

डॉक्टरीण विक्रेत्याकडे वळली. “या यंत्राला शिकवताना लबाड म्हणून कुणाचे चेहरे दाखवलेत?”

“नटांचे... म्हणजे... लबाडीचा अभिनय करणाऱ्यांचे.”

“ओठ आवळून?”

त्यानं मान डोलावली.

“म्हणजे हे यंत्र मन वाचत नाही. मिटलेले ओठ दिसले की चोर म्हणतं. तेही नाटकातलं सोंग पाहून!”

मालकांनी माफी मागितली नाही. नुसतं “उद्या ये” म्हणाले. भाची गेली नाही. आता दुसरीकडे शिवते. आत्यानंही त्याच महिन्यात काम सोडलं. डॉक्टरणीला पुन्हा बोलावणं आलं नाही. तागा कुणी नेला, ते आजवर कळलेलं नाही आणि तसं कबूल करण्यात काही कमीपणाही नाही.

विक्रेता मात्र मजेत आहे. तोच डोळा नाव बदलून शाळांना विकतो, कॉपी करणारी मुलं ओळखायला. तुमच्या शाळेत आला तर विचारा, हा कुणाला पाहून शिकला? धड उत्तर मिळेपर्यंत एकाही लेकराकडे त्याला बोट दाखवू देऊ नका.